कॉलेजच्या रिपॉझिटरीत पेपर-प्रबंध द्यायचे का? शोधगंगा, रिसर्चगेट आहे ना आधीच

तापीकाठ
राम राम मंडळी, एक शंका आहे, कोणी लायब्ररीवाले किंवा विद्यापीठातले असतील तर जरा नीट सांगा. मी नंदुरबार जिल्ह्यात एका अनुदानित कॉलेजला मराठी शिकवते. आमच्याकडे नवीन ग्रंथपाल सर आलेत, उत्साही माणूस, त्यांनी ठरवलंय की कॉलेजची स्वतःची इन्स्टिट्यूशनल रिपॉझिटरी, म्हणजे आपल्या लोकांच्या लिखाणाचं ऑनलाईन भांडार, करायची आणि सगळ्यांनी आपापले पेपर, सेमिनारमधले निबंध, मायनर प्रोजेक्टचे रिपोर्ट, पीएच.डी.चा प्रबंध असं जे असेल ते द्यायचं. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट. एकाचं म्हणणं हे सगळं नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, तपासायला आलेल्या पीअर टीमची गाडी गेटबाहेर गेली की संपलं. दुसऱ्याचं म्हणणं छापून आलेला पेपर असा टाकला तर पब्लिशर नोटीस पाठवेल आणि मग प्राचार्य हात वर करतील.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझा प्रबंध अहिराणी लग्नगीतांवर आहे, तो शोधगंगेवर आहेच. पेपर मी रिसर्चगेटवर टाकलेत. मग तेच काम परत कशाला? आणि दुसरं, ही गाणी मी साक्री-शिंदखेडा भागात गावोगाव बायकांजवळ बसून गोळा केलीत, ती अशी उघड्यावर ठेवली की कोणीतरी उचलणार आणि स्वतःच्या नावाने पुस्तक काढणार, आपल्याकडे हे होतं हे सगळ्यांना माहीत आहे. तर याचा खरंच उपयोग काय आणि कोणाला, तेवढं सांगा.

ग्रंथपाल_गिरणा
ताई, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्यात, सगळेच टाकतात.

शोधगंगा फक्त प्रबंधांसाठी आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं सक्तीचं केलं, गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही यूजीसीची संस्था ते सांभाळते, विद्यापीठ त्यांच्याशी करार करतं आणि अपलोडही विद्यापीठाकडूनच होतं. म्हणजे तुमचा पेपर किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट तिथे जायचा प्रश्नच नाही. प्रबंधसुद्धा प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही, आज देशभरातले लाखो प्रबंध घरबसल्या फुकट वाचता येतात ते त्यामुळेच, नाहीतर पूर्वी विद्यापीठाच्या लायब्ररीत अर्ज देऊन कपाट उघडायची वाट बघावी लागायची.

रिसर्चगेट ही बर्लिनची खाजगी कंपनी. तिथे तुमचा पेपर आज आहे, उद्या असेलच असं कोणी लिहून दिलेलं नाही. २०१७ मध्ये एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांना जर्मनीत कोर्टात खेचलं आणि तेव्हा तिथले पुष्कळ पेपर लोकांना दिसेनासे झाले. कंपनी वाईट आहे असं नाही म्हणत, मीही तिथे आहे, पण ती ओळखीपाळखी वाढवायची जागा, जपून ठेवायची नाही.

रिपॉझिटरी म्हणजे संस्था म्हणते की आमच्या माणसांनी जे लिहिलं ते आम्ही सांभाळतो, प्रत्येक नोंदीला न बदलणारा पत्ता देतो, त्याला हँडल म्हणतात, आणि नोंदी अशा ठरलेल्या पद्धतीने ठेवतो की बाहेरच्या मशीनला त्या उचलता येतील. ही शेवटची गोष्टच कोणी समजावून सांगत नाही. ओएआय-पीएमएच नावाचा एक प्रोटोकॉल आहे, त्यातून जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं बेस, इंग्लंडचं कोअर असे शोधक जगभरच्या रिपॉझिटऱ्यांमधल्या नोंदी गोळा करतात, गूगल स्कॉलर आपल्या पद्धतीने येऊन बघतो. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या साईटवर कोणी फिरकलं नाही तरी चालतं, शोधणारा दुसरीकडून तुमच्यापर्यंत येतो. कॉलेजच्या वेबसाईटवर नुसती पीडीएफ टांगली तर हे होत नाही, आणि वेबसाईट नव्या माणसाकडून करून घेतली की लिंका मरतात.

आणि ओपन ॲक्सेस, म्हणजे संशोधन सगळ्यांना फुकट वाचता येणं, म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकच कळतं, पैसे भरा आणि छापा. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात सरळ दोन वाटा दिल्यात, एक ओपन ॲक्सेस जर्नल काढणं आणि दुसरी लेखकाने आपला पेपर स्वतः रिपॉझिटरीत ठेवणं. दुसरीला ग्रीन म्हणतात आणि तिला लेखकाचा एक रुपया लागत नाही. त्याच वर्षी बंगळुरूच्या आयआयएससीने आपली रिपॉझिटरी सुरू केली, देशातली पहिली. आपण अजून नॅक-नॅक करतोय.

रावेरची_केळी
मी बॉटनीचा. नोटीसच्या भीतीबद्दल बोलतो कारण आमच्याकडेही हीच ओरड झाली होती.

केळीवरच्या सीएमव्ही या विषाणूच्या रोगावर माझा एक पेपर परदेशी जर्नलमध्ये आहे, सबस्क्रिप्शनवाल्या. कॉलेजच्या नेटवरून मला स्वतःलाच तो उघडत नव्हता, एका पेपरला किती डॉलर दाखवत होते ते बघून मी टॅब बंद केला. आता हा रोग रावेर-यावल-चोपड्याच्या बागांमधला, नमुने इथल्या शेतकऱ्यांनी दिलेले, आणि कृषी सहायकाला वाचायचा तर त्याने डॉलर मोजायचे. हे कोणाच्या फायद्याचं आहे सांगा.

तर आवृत्ती तीन असतात. तुम्ही जर्नलला पहिल्यांदा पाठवली ती प्रीप्रिंट. रेफरींनी, म्हणजे जर्नलच्या तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, मारलेल्या दुरुस्त्या करून जी स्वीकारली गेली, पण अजून जर्नलच्या साच्यात बसलेली नाही, साधी वर्ड फाइल, ती ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. आणि लोगो, पान नंबर असलेली सुंदर पीडीएफ ती पब्लिशरची. भांडण या तिसरीवरून होतं. दुसरी बहुतेक मोठे पब्लिशर रिपॉझिटरीत ठेवू देतात, फक्त काही महिने थांबा म्हणतात. स्प्रिंगरची सबस्क्रिप्शन जर्नलं १२ महिने, एल्सेव्हिअरच्या बऱ्याच जर्नलना १२ ते २४. कुठल्या जर्नलचा काय नियम ते पूर्वी शेर्पा रोमियो या साईटवर जर्नलचं नाव टाकून बघायचो, आता तेच ओपन पॉलिसी फाइंडर नावाने आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आजच चढवून तारीख घालून ठेवता येते, तोपर्यंत नुसती नोंद आणि सारांश दिसतो आणि मुदत झाली की फाइल आपोआप उघडी होते.

अडचण काय होते तर ती वर्ड फाइल कोणाकडे नसते! गाईडच्या जुन्या लॅपटॉपवर, नाहीतर को-ऑथरच्या मेलमध्ये. म्हणून ॲक्सेप्टन्सचा मेल आला की त्याच दिवशी फाइल ग्रंथपालाकडे पाठवून द्यायची सवय लावा. डीएसटी किंवा डीबीटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांचा पैसा घेतला असेल तर हे ऐच्छिक नाहीच, २०१४ च्या त्यांच्या धोरणात पेपर स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत ठेवा असं आहे. किती लोक करतात ते विचारू नका.

पांझरेचं_पाणी
सगळं वाचून बरं वाटलं पण जमिनीवर या जरा.

मी आधी ज्या कॉलेजात होतो (नाव घेत नाही) तिथे रिपॉझिटरी झाली होती. उद्घाटन झालं, फीत कापली, पेपरात फोटो आला. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटर लॅबमधला एक पीसी, पासवर्ड एका माणसाकडे, तो दुसऱ्या कॉलेजात लागला, मग बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वेळी मशीन कमी पडली म्हणून कोणीतरी तोच पीसी फॉरमॅट मारला. बॅकअप विचारू नका. आणि त्यात होतं काय तर वार्षिक अहवाल, वृत्तपत्रांची कात्रणं आणि चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचे फोटो. पेपर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रिपॉझिटरी कसली, सत्काराचा अल्बम होता तो.

आणि आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना, जर्नलांच्या वर्गणीचे पैसे सरकारने भरलेत, मग कशाला ही खटपट?

रावेरची_केळी
भाऊ ते वाचण्यासाठी आहे. नोव्हेंबर २०२४ ला कॅबिनेटने मंजूर केलं, तीन वर्षांचे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. घेणाऱ्या यादीत केंद्र आणि राज्य सरकार चालवतं त्या संस्था. खानदेशातली निम्म्याहून जास्त कॉलेजं शिक्षण मंडळांची आहेत, त्यांनी आधी आपलं नाव यादीत आहे का ते बघावं. आणि नाव असलं तरी कृषी सहायकाला, रिटायर्ड मास्तरला, गावातल्या हौशी अभ्यासकाला त्यातून काय मिळणार? दाराला कुलूप तेच आहे, फक्त काही लोकांच्या किल्लीचे पैसे सरकारने दिलेत. आणि मराठीतलं काय आहे हो त्यात?

ग्रंथपाल_गिरणा
पांझरा भाऊंचं सगळं खरं आहे, असे पीसी मीही बघितलेत. म्हणूनच छोट्या कॉलेजने स्वतःचा सर्व्हर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीस्पेस हे रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एमआयटी आणि एचपीने मिळून २००२ मध्ये काढलेलं, शोधगंगाही त्याच्यावरच चालते, पण सातव्या आवृत्तीपासून त्याला लागणारी रॅम, जावा, पोस्टग्रेस, सोलर असली सोबतची सॉफ्टवेअरं हे सगळं सांभाळायला माणूस लागतो आणि आपल्याकडे ग्रंथपालाला सोल या लायब्ररी सॉफ्टवेअरमधली एन्ट्री, परीक्षेची ड्युटी आणि निवडणुकीचं काम यातून वेळ नसतो. लाईट जाते ते वेगळंच.

त्यापेक्षा झेनोडो ही तयार ऑनलाईन रिपॉझिटरी बघा. स्वित्झर्लंडच्या सर्नने २०१३ पासून चालवलेलं आहे, कोणालाही फुकट, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली, प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, मिळतो, आणि कॉलेजच्या नावाने एक कम्युनिटी काढली की सगळं एका जागी दिसतं. आपलं विद्यापीठ पुढे मोठी रिपॉझिटरी चालवणार असेल तर नोंदी तिकडे हलवता येतील. पासवर्ड मात्र वैयक्तिक मेलवर नको, कॉलेजच्या पदाच्या मेलवर ठेवा, आणि कॉलेज विकास समितीत (सीडीसी) ठराव घ्या की हे काम कोणाकडे, तो माणूस गेला तर कोणाकडे.

आणि ऐच्छिक ठेवलं की रिकामं राहतं, हा जगभरचा अनुभव आहे. राउरकेलाच्या एनआयटीने २००६ मध्ये नियमच केला की पेपर छापून आला की आमच्या रिपॉझिटरीत आलाच पाहिजे, म्हणून ती भरली. आपल्याकडे प्रमोशनच्या फाइलला पेपरची झेरॉक्स जोडतात ना, तिथे झेरॉक्सऐवजी रिपॉझिटरीचा पत्ता मागा, बघा कसे रांगेत उभे राहतात.

तापीकाठ
खूप मदत झाली सगळ्यांची. पण माझे पेपर इंग्रजी जर्नलमध्ये नाहीतच. मराठी नियतकालिकं, एकदोन विशेषांक, आणि सेमिनारच्या आयएसबीएनवाल्या पुस्तकात. त्यांचं धोरण-बिरण कुठल्या साईटवर नाही. एक मासिक तर बंदच पडलं. कोणीही कधी माझ्याकडून कसल्याही कागदावर सही घेतलेली नाही. मग मी विचारू कोणाला?

कोर्टकचेरी_अमळनेर
ताई, सही घेतली नाही हीच तुमची बाजू. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क दुसऱ्याला दिले असं म्हणायचं तर ते लेखी पाहिजे आणि देणाऱ्याची सही पाहिजे, नाहीतर ती असाइनमेंट वैधच नाही. पुढे असंही आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरती. म्हणजे लेख दिला, छापून आला, एक अंक पोस्टाने आला, एवढंच झालं असेल तर लेखावरचा हक्क साधारणपणे तुमचाच राहतो. संपादकाला शिष्टाचार म्हणून दोन ओळींचा मेल टाका आणि मूळ अंकाचा पूर्ण संदर्भ द्या. मासिकाने केलेली मांडणी, चित्रं मात्र त्यांची, म्हणून पान स्कॅन करण्यापेक्षा तुमच्याकडची मूळ फाइल ठेवा.

एक सांभाळा, सेमिनारवाले हल्ली फॉर्ममध्येच खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहून सही घेतात, रजिस्ट्रेशन फी भरताना कोणी वाचत नाही. तसा फॉर्म भरला असेल तर आधी तो शोधा.

तापीकाठ
बरं झालं विचारलं. मूळ फाइली आहेत माझ्याकडे, पण सगळ्या श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये.

डीटीपी_धुये
मग आता माझी पाळी 😄 धुळ्यात डीटीपी करतो, मराठी-इतिहासाचे कितीतरी प्रबंध आमच्या हातून गेलेत. मॅडम एक करून बघा, शोधगंगेवरची तुमचीच पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आली तर छान. पण श्रीलिपी, कृतिदेव, जुनं आयएसएम असेल तर इंग्रजी अक्षरं आणि कंस-डॉलरचा कचरा येतो. डोळ्याला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरला ते मराठी नाहीच, आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हं आहेत, फक्त फाँटने वरून देवनागरी चेहरा लावलेला. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफचं तर त्याहून वाईट, तो नुसता फोटो. म्हणजे गूगलवर कोणी "अहिराणी हळदीची गाणी" शोधलं तर तुमचा प्रबंध फुकट आहे, उघडा आहे, आणि तरी कोणाला सापडत नाही.

हा सगळा ओपन ॲक्सेसवाला कारभार इंग्रजीत आधीच शोधता येतं असं धरून चाललेला आहे, आपल्याकडे निम्मं काम तिथेच अडतं. रिपॉझिटरीत टाकायचंच तर आधी युनिकोड करून टाका, म्हणजे कॉम्प्युटरलाही ते मराठीच कळेल. कन्व्हर्टर मिळतात, साधा मजकूर बऱ्यापैकी होतो, जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावे लागतात. गाण्यांचं परिशिष्ट मात्र आपोआप स्पेलचेकला लावू नका. तो अहिराणीला चुकीची मराठी समजतो, "धुये"चं "धुळे" करून टाकतो, आणि मग लग्नातल्या बाया पुणेरी गातात.

पांझरेचं_पाणी
😂😂 हे बाकी शंभर टक्के

तापीकाठ
करून बघितलं. कचराच आला. इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय की माझा प्रबंध ऑनलाईन आहे.

आता ते दुसरं, चोरीचं. आणि खरं सांगायचं तर चोरीपेक्षा मला बायकांची काळजी जास्त आहे. परिशिष्टात गाणाऱ्यांची नावं, गाव, वय, काहींचे मोबाईल नंबर आहेत, त्या वेळी गाईडनी घालायला लावले. रेकॉर्डिंगही आहेत, कॅसेटवरची एमपी३ करून ठेवलीत. त्यात मध्येच घरातल्या गप्पा आहेत, सासूला घातलेल्या शिव्या आहेत.

ग्रंथपाल_गिरणा
ताई, ही रेकॉर्डिंग हेच तुमच्या रिपॉझिटरीचं सगळ्यात मोठं कारण आहे, पेपर नव्हे. पेपर कुठे ना कुठे छापलेला सापडेल. कॅसेटमधला आवाज जगात फक्त तुमच्या घरी आहे आणि शोधगंगेवरच्या प्रबंधात तो आलेला नसणार.

उघडं ठेवायचं म्हणजे सगळं उघडं असा काही नियम नाही. एकाच नोंदीत एक फाइल उघडी आणि दुसरी बंद असं करता येतं, डीस्पेसमध्येही. झेनोडोवर तो पर्याय पूर्ण नोंदीला लावावा लागतो, म्हणून तिथे दोन वेगळ्या नोंदी करून एकमेकींना जोडा. प्रबंधाची नवी प्रत करताना मोबाईल नंबर सरळ काढा, त्यांनी संशोधनात काही भर पडत नाही. नावांचं त्या बायकांना विचारा, काहींना आपलं नाव लागलेलं हवंच असतं, "माझं गाणं आहे" म्हणून, तेव्हा सगळ्यांची नावं झाकणं हाही अन्यायच. ज्या हयात नाहीत त्यांच्या घरी विचारा. रेकॉर्डिंगमधल्या गप्पा कापलेली प्रत उघडी, मूळ प्रत बंद आणि मागणी आली की तुमच्या परवानगीने.

चोरीचं म्हणाल तर आज तुमचा प्रबंध शोधात येत नाही, म्हणजे चोरणारा सुरक्षित आहे. त्याने तुमची गाणी उचलली तर ती तुमच्याकडून गेली हे वाचकाला कळायचा मार्गच नाही. तारखेसकट डीओआय असला आणि मजकूर युनिकोडमध्ये असला की दोन ओळी गूगलवर टाकल्या की तुमचं नाव वर येतं. लायसन्सही निवडा, क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एनसी घेतलं तर नाव देऊन वापरा पण धंदा करू नका असा अर्थ होतो. त्याने चोरी थांबत नाही, पण भांडायला कागद हातात राहतो. आणि गाण्यांवर मालकी तुमची नाही, गाणाऱ्यांची आहे, तुमचं आहे ते संकलन आणि विवेचन, लायसन्स त्यालाच लावा.

कोर्टकचेरी_अमळनेर
शेवटचं वाक्य अधोरेखित करा. परंपरेने चालत आलेल्या गाण्यावर कोणा एकाचा कॉपीराइट बसवणं फार अवघड, प्रकाशकाचाही नाही आणि प्राध्यापकाचाही नाही. गायलेल्या आवाजावर मात्र गाणारीचे कलाकार म्हणून हक्क येतात, म्हणून रेकॉर्डिंगसाठी परवानगी लेखी घ्या, सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार, किंवा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून हो म्हणवून घ्या.

तापीकाठ
ठीक आहे, मग आधी परिशिष्ट साफ करते आणि साक्रीकडच्या दोघींना फोन करते. ग्रंथपाल सरांना हा धागा पाठवलाय. त्यांचा एक प्रश्न आलाय, नोंद करताना शीर्षक कुठल्या लिपीत टाकायचं? आणि भाषेच्या रकान्यात मराठीच लिहायचं का?

ग्रंथपाल_गिरणा
शीर्षक देवनागरीतच, जसं मुखपृष्ठावर आहे तसं. पर्यायी शीर्षकाचा वेगळा रकाना असतो त्यात रोमन लिपीतलं आणि इंग्रजी दोन्ही घाला, बाहेरचा शोधणारा त्यावरून येतो. सारांशही दोन्ही भाषांत. लेखकाचं नाव एकच एक पद्धतीने, नाहीतर लग्नाआधीचं, नंतरचं आणि नुसती आद्याक्षरं अशा तीन बायका तयार होतात, त्यासाठी ऑर्किड क्रमांक काढून घ्या, फुकट आहे. भाषेच्या रकान्यात प्रबंधाला मराठी, आणि गाण्यांच्या नोंदीला अहिराणी. अहिराणीला आयएसओच्या ६३९-३ यादीत स्वतःचा कोड आहे, ए-एच-आर. तो घातलाच पाहिजे.

डीटीपी_धुये
मॅडम, श्रीलिपीची कुठली आवृत्ती ते फाइलवर राइट क्लिक करून बघा आणि मला मेसेज टाका, दरवेळी कन्व्हर्टर वेगळा लागतो. परिशिष्टाची फाइल वेगळी काढून पाठवा, ती मी हातानेच बसवतो. मोबाईल नंबर आधी काढा मात्र.